पारीवरचा बगळा

सुखदेव, काल तुझ्या तेरवीला लाखभर माणूस जेवलं.

हे बघ, इथं मी थांबलो. इथं तू बोलायचं असतं. "हो, लाख तर असतीनच. म्या सोता पायलं, पंगतीचं शेपूट पवनीच्या पुलावर होतं." मग मी सांगायचं असतं, की वरणाचा गंज एवढा मोठा होता की आचारी डोंग्यात बसून वल्ह्यानं वरण घोटत होता. आणि तू मान खाली घालून, सुपारी फोडल्यासारखं हळूच म्हणायचं असतं, "डोंगा ढिवराइच्या इथून आणला होता. म्याच ढकलला."

काल कोणी ढकलला नाही.

पंगती उठल्या होत्या. माणसं मांडवात बडीशेप चघळत बसली होती. कोणीतरी म्हणालं, "इस्तारीभाऊ, तुम्ही त्याचे जिवाचे दोस्त, दोन शब्द बोला." मी उभा राहिलो. खाकरलो. म्हटलं, "आमचा सुखदेव जन्मला त्या दिवशी वैनगंगा उलटी वाहिली होती," आणि सवयीनं डावीकडं पाहिलं. तिथं तुझा जावई बसला होता, मोबाईलमध्ये डोकं घालून. वाक्य तसंच मांडवात लटकत राहिलं, दोरीवर विसरलेल्या धोतरासारखं. मी, इस्तारी कापडवाला, ज्यानं अड्याळच्या बाजारात एका टॉवेलचे गुण सकाळी गायला घेतले की बाजार उठेपर्यंत संपत नाहीत, तो पहिल्याच वाक्यावर खाली बसला. लोक म्हणाले, दुःख झालं बिचाऱ्याला. दुःख झालंच रे. पण आधी धाक वाटला. बैलजोडीतला एक सोडून घेतल्यावर उरलेला कसा गाडीकडं पाहतो, तसा मी माझ्या वाक्याकडं पाहत होतो.

जावयाला नंतर समजावून सांगितलं. शिकलेला पोरगा, बंगलोरला असतो. म्हटलं, बाबू, आमच्याकडं गोष्ट एकटा माणूस सांगत नाही. एक सांगतो, दुसरा हुंकार देतो. हूं, हो, मग? हुंकार थांबला की गोष्ट थांबली. तुझा सासरा माझा हुंकार देणारा होता. तो हसून म्हणाला, "म्हणजे तुम्ही फेकत होते आणि बाबा उचलत होते." हुशार आहे. तुझ्यावर गेला असता, पण जावई आहे.

आपली ओळख आठवते? तुला आठवतच असेल, तुझं काय जातं, तुला आता वेळच वेळ आहे. बाजारात माझं दुकान म्हणजे चार बांबू आणि एक ताडपत्री. एक गिऱ्हाईक दुपट्टा ताणून ताणून पाहत होतं. मी म्हटलं, "मामा, ओढा, फाटत नाही. याच दुपट्ट्यानं एका माणसानं गाळात रुतलेला बैल तलावातून वर काढला." मामा हसला आणि दुपट्टा खाली ठेवला. तेव्हा बाजूला उकिडवा बसून बनियन निवडत असलेला एक काळा, उंच, अनोळखी माणूस मान वर न करता म्हणाला, "हो. तो बैल माहाच होता."

मामानं दोन दुपट्टे नेले. मी तुला बनियन फुकटच दिलं, आणि त्या दिवसापासून बाजाराच्या दिवशी तू माझ्या डावीकडं.

गंमत ही की तू स्वतःहून जन्मात थाप मारली नाहीस. धान ओलं असलं तर व्यापाऱ्यानं मूठ भरायच्या आधी "ओलं आहे" म्हणून मोकळा होणारा तू. सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांना मुलाचा राग सांगून टाकणारा तू. म्हणून तर माझ्या गोष्टी खपल्या. लोक म्हणायचे, इस्तारीचं सोडा, पण सुखदेवनं पाह्यलं म्हणते, म्हणजे असन काहीतरी. माझी जीभ होती, पण भांडवल तुझे डोळे होते. त्या डोळ्यांत काही वाईट शिरेल असं माझ्या सर्वात मोठ्या थापेतही कधी आलं नाही.

रोवणीचे दिवस. मी तुझ्या बांधीच्या धुऱ्यावर छत्री धरून बसलो होतो, बाया चिखलात ओळीनं धानाचे पऱ्हे लावत होत्या. तू एकदम म्हणालास, "इस्तारी, त्या कोपऱ्यातल्या बाया दिसून नाही राहिल्या रे. तिथं काळं दिसते."

मी म्हटलं, "दिसतीन कशा? त्या चिखलातून पाताळात उतरल्या. नागाच्या घरी रोवणी आहे."

तू हूं म्हणाला नाहीस. डावा डोळा हातानं झाकलास, उघडलास, पुन्हा झाकलास. "नाही बे," म्हणालास. "खरंच."

तीस वर्षांत पहिल्यांदा तू माझी गोष्ट अर्ध्यात सोडलीस. मी छत्री मिटवली. पाऊस होता, तरी मिटवली.

गावानं ठरवलं मोतीबिंदू. नागपूरच्या डॉक्टरबाईनं थेंब टाकले, अंधाऱ्या खोलीत बराच वेळ डोळ्यात पाहिलं, मग दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं, मग डोळ्याची सोनोग्राफी केली. पोटाची सोनोग्राफी मला माहीत होती. डोळ्याची ऐकूनच मी म्हणालो, "बाई, याच्या डोळ्यात पोर आहे का?" ती हसली नाही. म्हणाली, डोळ्याच्या आत, मागच्या पडद्याखाली गाठ आहे. कॅन्सरची.

पार्बताबाई वहिनी म्हणाल्या, "डोळ्याले?" तेवढंच. बिडी नाही, तंबाखू नाही, सुपारीसुद्धा लग्नाकार्यापुरती. ज्या माणसानं आयुष्यभर डोळ्यांनी खरं तेच पाहिलं आणि मैत्रीखातर थोडं जास्तीचं, त्याच्या डोळ्यालाच का? डॉक्टरबाई म्हणाली, कारण असं काही सांगता येत नाही.

दोन रस्ते होते. डोळा काढून टाकायचा, नाहीतर हैदराबादला जाऊन डोळ्याला आतल्या आत नेमका किरणांचा शेक द्यायचा. परतीच्या एसटीत आपलं भांडण झालं. अख्खी एसटी ऐकत होती.

"काढू देतो," तू म्हणालास. "एका डोळ्यानं का धान दिसत नाही?"

"धानाचं सोड. माह्या बाजूनं साक्ष कोण देईन? काण्याची साक्ष चालत नाही."

"कोण म्हणते?"

"कायद्यात आहे. इंग्रजाच्या काळापासून आहे. एका डोळ्याच्या माणसाची साक्ष अर्धीच धरतात."

तू खिडकीतून बाहेर पाहिलंस. मग म्हणालास, "हो. म्या वाचलं आहे कुठंतरी."

झालं. डोळा राहिला. सुखदेव, माणसाचा डोळा राहायचा की जायचा हे माझ्या एका थापेवर आणि तुझ्या एका हुंकारावर ठरलं, हे मी कोणाला सांगू? माझ्यावर विश्वास कोण ठेवील?

एकट्या वहिनींनी आपल्या दोघांवर सोडलं नाही. हैदराबादला डॉक्टरसमोर त्या पदर खोचून उभ्या राहिल्या. त्यांची हिंदी तुला माहीत आहे, पण त्या दिवशी तीसुद्धा सरळ चालली. "डोळा ठेवल्यानं जीवाचा धोखा वाढते का, हे सांगा. वाढत असन तर आम्हाले डोळा नाही पाहिजे." डॉक्टर म्हणाले, एवढ्या गाठीला डोळा काढला काय आणि शेक दिला काय, जगण्यात फरक पडत नाही. गाठीचं बी उडायचं असेल तर ते आधीच रक्तातून उडालेलं असतं, कुठं जाऊन पडलं ते आज दिसत नाही. आणि एक लक्षात ठेवा, डोळा वाचेल, नजर वाचेलच असं नाही. ती हळूहळू कमी होऊ शकते, गाठीनं नव्हे, या किरणांनीच.

वहिनींनी ते नीट ऐकलं. मी फक्त "डोळा वाचेल" एवढं ऐकलं.

मग त्यांनी शेक देणारी चकती दाखवली. तसलीच एक नमुन्याची. शर्टाच्या बटणाहून थोडी मोठी, वाटीसारखी खोलगट, चांदीसारखी. खोलगट बाजूनं किरण निघतात, पाठीकडून अडतात. बुबुळाला हात लावायचा नाही. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, बाहेरून, गाठीच्या बरोबर मागं ती टाके घालून शिवायची, काही दिवस ठेवायची आणि टाके उसवून काढायची. शेक गाठीपुरता. मेंदूला नाही, दुसऱ्या डोळ्याला नाही. शिवायची म्हटल्यावर माझी भीती गेली. कापडाच्या माणसाला ठिगळ कळतं. मी विचारलं, "डॉक्टरसाब, धागा कौनसा?" त्या भल्या माणसानं मला धागाही दाखवला. केसाहून बारीक. कोशाच्या रेशमाचा धागा पाहिलेला माणूस मी, मलाही चष्मा काढून डोळे चोळावे लागले.

चकती डोळ्यात होती तोवर तुला वेगळ्या खोलीत ठेवलं. आम्हाला दाराजवळच बसायचं, थोडाच वेळ. लहान मुलं नाही, पोटुशी बाई नाही. तुझ्या डोळ्यावर पट्टी, दुसराही तू मिटूनच ठेवलेला. म्हणालास, "इस्तारी, खिडकीतून काय दिसते सांग."

मी सांगायला लागलो. समोर काळ्या खडकांचा डोंगर आहे. प्रत्येक खडक हत्तीएवढा, एकावर एक रचलेला, आणि सर्वात वरच्या खडकावर एक म्हैस रवंथ करून राहिली. ती वर कशी चढली हे निजामालाही कळलं नव्हतं.

"भिंत आहे," वहिनी म्हणाल्या. "बाजूच्या इमारतीची. नळाचा पाइप आहे तिच्यावर."

"हूं," तू मला म्हणालास. "म्हशीचं पुढं सांग."

मी म्हटलं, "लेका, ती खरं सांगून राहिली, तरी तू मलेच हूं म्हणतो?"

तेव्हा तू जे बोललास ते मी कोणाला सांगितलं नाही, आज लिहितो. "भिंत मले माहीत आहे रे. पण तू सांगतो तवा मले दिसते."

परत आल्यावर मी गप्प बसेन असं तुला वाटलं होतं का? पहिल्याच बाजाराला मी जाहीर केलं, की सुखदेवच्या डोळ्यात सूर्याचा तुकडा शिवला होता, काढला तरी त्याची धग राहिली आहे. तू डावीकडं बसून म्हणालास, "हो. उशी जळली माही." आता यावर शहाणं माणूस हसलं असतं. पण शेजारच्या सगुणाबाईनं ते मनात धरून ठेवलं. दुसऱ्या उन्हाळ्यात तिच्या कुरोड्या घालून झालेल्या, आभाळ भरून आलेलं, दोन दिवस ऊन नाही. तिसऱ्या दिवशी ती तुझ्या दारात. "सुखदेव बापू, जराशीक माह्या कुरोड्याइकडं पाय ना. वास मारून राहिल्या."

मी पोट धरून बसलो. तू मात्र उठलास, टोपी घातलीस, तिच्या अंगणात बाजेसमोर पाट मांडून बसलास, उजवा डोळा हातानं झाकलास आणि डाव्यानं कुरोड्यांकडं पाहत राहिलास. चांगला वेळ. वरून तिला म्हणालास, "पलटव आता." आणि सुखदेव, तुझी शपथ, ढग फाटले आणि ऊन पडलं. हे मात्र खरं आहे. पाहिजे तर वहिनींना विचार.

तपासणीला गेलो की डॉक्टर खूश. गाठ सुकत चालली, म्हणायचे. ते ऐकलं की मी नागपूरपासून भंडाऱ्यापर्यंत गात यायचो. मग आपला तो खेळ सुरू झाला. संध्याकाळी तलावाच्या पारीवर, बांधावर, जाऊन बसायचं. मी तुझा उजवा डोळा माझ्या हातानं झाकायचा, डॉक्टरसारखा, आणि विचारायचं, "बोला पेशंट, समोरच्या पारीवर काय आहे?" तू डोळा बारीक करायचास. "बगळा." मी पाहायचो, बगळा असायचाच. मी तुझ्या पाठीत धपका घालायचो. वाचवला की नाही डोळा? बोल, वाचवला की नाही? "हो," तू म्हणायचास.

एकदा तू म्हणालास, "बगळा." मी पाहिलं. पारीवर काही नव्हतं. गवत होतं, वारा होता. मी तुझ्याकडं पाहिलं. तुझा चेहरा एकदम सरळ. मला वाटलं, घ्या, इतक्या वर्षांनी हा लेकाचा थाप मारायला शिकला! एवढा आनंद झाला म्हणून सांगू. चेल्यानं गुरूला पाडलं. आता तो सांगतो आहे तर हुंकार देणं माझं काम. म्हटलं, "हो बे. एका पायावर उभा आहे."

तुझ्या खांद्यातला ताण एकदम सैल पडल्याचं मला जाणवलं होतं. का, ते समजलं नाही.

मग एका तपासणीत डोळा नीट निघाला आणि यकृतावर डाग निघाले. डॉक्टर म्हणाले होते तसंच. आधीच उडालेलं बी. त्यानंतर तू फार भराभर वाळलास. शेवटी भेटलो ती दुपार होती. तू ओसरीवर बाजेवर, वहिनी पेजेची वाटी घेऊन. तू म्हणालास, "सांग ना काही." आणि मी, सुखदेव, मला एकही गोष्ट सुचेना. जे विचारायचं होतं ते जिभेवर येऊन बसलं होतं आणि गोष्टीला वाट देत नव्हतं.

विचारायचं एवढंच होतं: तो डोळा ठेवायला लावला, ते बरं केलं ना रे मी?

डॉक्टरांचं म्हणणं पाठ होतं. काढला असता तरी हेच झालं असतं. पण असली वाक्यं दिवसा खरी वाटतात आणि दुकान आवरताना खोटी. मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. आणि विचारलं नाही, कारण उत्तर ठरलेलं होतं. तू हो म्हणाला असतास. तू मला कधी नाही म्हटलंस? उलट्या वैनगंगेला हो, डोंग्यातल्या आचाऱ्याला हो, खडकावरच्या म्हशीला हो. तुझ्या त्या हो वर मी आयुष्यभर धंदा केला, आणि नेमकी गरज पडली तेव्हा तोच मला पुरेना. मी काहीतरी आखूड, लंगडी गोष्ट सांगितली. तू "हूं" म्हणालास. ओठ हलले तेवढेच. मी उठलो.

काल सगळे पांगल्यावर वहिनी अंगणात गंज घासत होत्या. मी राख पुढं केली. त्यांना विचारून टाकलं. जे तुला विचारलं नाही ते त्यांना. त्या कधी कोणाला बरं वाटावं म्हणून बोलत नाहीत, भिंत असली तर भिंत म्हणतात.

त्यांचे हात थांबले नाहीत. "भाऊजी, तो डोळा केव्हाचा गेला होता," म्हणाल्या. "सगुणाबाईच्या कुरोड्याइच्या आधीच. काहीच दिसे ना त्यातनं. उजेड हाय का अंधार, तेवढंच समजे."

मी म्हटलं, "पण मले तर..."

"मले शपथ घातली होती त्याइनं. म्हणे, इस्तारीले नको सांगू. त्यानं एवढ्या हौसेनं वाचवला, त्याच्यापुरता तो वाचलेलाच राहू दे."

राख माझ्या हातातच राहिली. मी विचारलं, "पस्तावले का मग? ठेवला म्हणून?"

तेव्हा त्यांनी वर पाहिलं. "पस्तावाले काय झालं? रोज सकाळी दोन्ही डोळे धुवत. आरशात पाहून म्हणत, तोंड अजून माहंच हाय, पार्बता. डाक्टर बोलले होते तेवढंच झालं. तुमी नोहतं ऐकलं, आम्ही ऐकलं होतं." आणि गंज पालथा घालत म्हणाल्या, "बगळ्याचं मात्र मले विचारून जात. आज आहे का गं पारीवर? मी दारातून पाहून सांगो. एक दिवस मी घरी नोहती."

एक दिवस त्या घरी नव्हत्या.

आंधळ्या डोळ्यानं तू म्हातारीच्या कुरोड्या वाळवल्यास, लेका. आणि मी, ज्याला वाटायचं पंचक्रोशीत आपल्यासारखा थापाड्या नाही, तो रोज संध्याकाळी तुझा चांगला डोळा स्वतःच्या हातानं झाकून अंधारात बसलेल्या माणसाला विचारत होतो, बोल, वाचवला की नाही? तू आयुष्यात एकच थाप मारलीस आणि ती माझ्यावर. माझ्या नावाचा कित्येक बाजारांत बोलबाला झाला, पण अशी थाप मला साधली नाही. माझ्या थापेनं फार तर दुपट्टा खपला. तुझ्या थापेवर मी इतके दिवस सुखानं झोपलो.

आज बाजार होता. ताडपत्री बांधली नाही. पारीवर येऊन बसलो आहे, हे इथंच लिहितो आहे, गुडघ्यावर पुठ्ठा ठेवून. तुझी जागा डावीकडं मोकळी सोडली आहे. समोरच्या पारीवर बगळा आहे की नाही, ते मी पाहिलेलं नाही. दोन्ही डोळे मिटून घेतले होते मघाशी, अजून तिकडं मान वळवली नाही. माझ्या हजार गोष्टींना तू हो म्हणालास, आणि तुझ्या एकुलत्या एका गोष्टीला त्या संध्याकाळी माझ्या तोंडून, काही न कळता का होईना, हो निघालं. तेवढं एक माझ्याकडून बरोबर झालं, सुखदेव.

आता तुझी पाळी. काय आहे समोर?

हूं.

पुढं सांग.